जुनं ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन पुन्हा चालतं करताना

पंचवीस-तीस वर्षं जुन्या ऑटोमॅटिक मशीनची मोटर सहसा जळालेली नसते. टायमरही बहुधा शाबूत असतो. गेलेलं असतं ते रबर, आणि त्या रबरातून पाणी जिथे जिथे शिरलं ते सगळं. ऑईल सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती पाणी अडवणारं रबरी कडं, वाळलं की बेअरिंगमध्ये पाणी जातं, बेअरिंग गंजलं की आवाज येतो, आवाज वाढला की घरात ठरतं, "आता नवीनच घेऊ." एवढ्यावर चांगलं मशीन भंगारात जातं. म्हणून कामाचा क्रमही त्याच वाटेने ठेवायचा: आधी सील आणि बेअरिंग, मग पाण्याची वाट, मग वायरिंग-टायमर, आणि रंगरंगोटी सगळ्यात शेवटी. बरेच जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतून चकचकीत पावडर कोटिंग करून आणतात आणि मग ड्रम हाताने फिरवला की खडखड ऐकतात.

घरगुती ऑटोमॅटिक मशीन अमेरिकेत बेंडिक्सने १९३७ मध्ये आणलं. आपल्याकडे ते मध्यमवर्गीय घरांत शिरलं ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आणि नव्वदीत. नागपुरात आज जुनी मशीन शोधायला निघालात तर साधारण दोन घराणी भेटतात. एक, आयएफबीने बॉशच्या तंत्रज्ञानावर काढलेल्या धाटणीचे फ्रंट लोडर: स्टीलचा आडवा ड्रम, कार्बन ब्रशची मोटर, पाणी तापवणारा हीटर, पुढे काचेचं दार. दुसरं, व्हिडिओकॉन आणि तिच्या काळातल्या इतर कंपन्यांचे टॉप लोडर: उभी टाकी, पाणी घुसळायला तळाला पल्सेटरची चकती किंवा मधोमध उभा अ‍ॅजिटेटर, कपॅसिटरवर चालणारी इंडक्शन मोटर. एलजी १९९७ मध्ये भारतात आली आणि त्यानंतर बाजारात बटणांचे, इलेक्ट्रॉनिक बोर्डवाले मॉडेल वाढत गेले. जुन्या मशीनचा नाद लागायचा असेल तर फिरवायच्या टायमरचं मशीन निवडा. बोर्ड गेला आणि तो मिळाला नाही तर पुढे रस्ता नसतो. टायमर मात्र उघडता येतो, साफ करता येतो, त्याच्या आत काय चाललंय ते डोळ्यांनी दिसतं.

घेण्याआधी

वीज नसली तरी निम्मं निदान हातानेच होतं. फ्रंट लोडरचं दार उघडा, ड्रमची वरची कड आतून धरा आणि वर-खाली हलवा. ड्रम आणि बाहेरची टाकी एकत्र हलली तर ठीक, कारण ती दोन्ही मिळून स्प्रिंगवर लटकलेली असतात. ड्रम टाकीपासून वेगळा हलला तर बेअरिंग गेलं. आता ड्रम जोरात फिरवून कान लावा. घरघर म्हणजे बेअरिंग. एका फेरीत एकदाच "टक" म्हणजे ड्रमला मागून दांड्याशी (शाफ्टशी) जोडणारा तीन पायांचा स्पायडर तडकलाय किंवा ड्रम आणि टाकीच्या मध्ये नाणं, हुक अडकलंय. मागच्या बाजूने टाकीच्या मध्यापासून खाली तपकिरी ओघळ दिसला तर सील कधीच गेलेलं आहे.

मग टाकी कशी बंद केली आहे ते पाहा. पट्ट्याच्या क्लॅम्पने किंवा बोल्टने जोडलेली असेल तर घ्या. प्लास्टिकची टाकी कारखान्यातच वितळवून चिकटवलेली असेल तर तिला करवतीने कापावं लागतं आणि पुन्हा जोडताना सिलिकॉन सीलंट लावून चाळीस-पन्नास बोल्ट मारावे लागतात. होतं ते काम, पण पहिल्या मशीनवर करायचं काम ते नाही.

टॉप लोडरमध्ये टाकी हाताने फिरवून बघा, चारही सस्पेन्शन रॉड जागेवर आहेत का बघा, आणि स्पिन टबच्या वरच्या जाड कड्याला कान लावून टब हलवा. त्या कड्यात क्षारांचं पाणी भरलेलं असतं, कपड्यांचा तोल सांभाळायला. ते डुचमळल्याचा आवाज आला पाहिजे. आवाज नाही आणि कड्यावर पांढरे सुकलेले डाग आहेत, म्हणजे ते गळून गेलंय. असा टब स्पिनला कायम आपटत राहणार, तेव्हा दुसरा टब मिळणार असेल तरच सौदा करा.

फ्रंट लोडर सहज ६५-७० किलो भरतो, कारण आत काँक्रीटचं वजन बसवलेलं असतं. उचलायला दोन माणसं घ्या. आडवं नेऊ नका. मागचे ट्रान्सपोर्ट बोल्ट कुणी जपून ठेवत नाही, तेव्हा टाकी आणि बॉडीच्या मध्ये जुन्या उशा कोंबा आणि उभंच न्या.

हात घालण्याआधी

प्लग काढलेला असला तरी टॉप लोडरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. त्याच्या दोन टोकांना १० किलो-ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर काही सेकंद टेकवा. पेचकसाने शॉर्ट करायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. त्याने कपॅसिटरही खराब होतो आणि ठिणगी डोळ्यात उडते. मशीन ज्या सॉकेटवर तपासणार त्याला खरोखरचं अर्थिंग आहे का ते पाहा आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारं स्विच, असू द्या. पहिल्यांदा वीज देताना थेट देऊ नका. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडा. बल्ब पूर्ण उजेडाने पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. तपासायला घेतलेल्या मशीनचा हीटर तेवढ्यापुरता सोडवून ठेवा, नाहीतर त्याच्यामुळेही बल्ब पेटेल आणि तुम्ही नसलेला शॉर्ट शोधत बसाल.

प्रत्येक वायर काढण्याआधी फोटो. टायमरच्या मागचे तर चारही बाजूंनी फोटो, आणि प्रत्येक वायरला पांढऱ्या टेपवर नंबर. जुन्या वायरचे रंग कळकट होऊन तपकिरी, लाल आणि नारिंगी एकसारखे दिसायला लागतात, त्यामुळे "रंगावरून लावू" हा भरवसा ठेवू नका.

बेअरिंग आणि सील: इथेच वेळ द्या

फ्रंट लोडरचं वरचं झाकण, मागचा पत्रा, बेल्ट, मोटर, वजनं, पावडरच्या कप्प्याची नळी, दाराचं गॅस्केट, हीटर आणि प्रेशर स्विचच्या वायरी-नळ्या हे सगळं सोडवलं की टाकी स्प्रिंगवरून काढता येते. टाकी तोंडावर, म्हणजे दाराची बाजू खाली करून, जुन्या गोधडीवर ठेवा.

मागच्या पुलीचा बोल्ट लॉकिंग केमिकल लावून बसवलेला असतो. जोर करून डोकं गोल करण्याआधी हीट गनने तो मिनिटभर तापवा. पुली निघाली की तोच बोल्ट पुन्हा शाफ्टमध्ये अर्ध्याहून जास्त आत फिरवा, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवा आणि मग हातोडी. बोल्ट न लावता थेट शाफ्टवर मारलं तर शाफ्टचं टोक फुलतं, आटे बसतात आणि पुढे खरादवाल्याकडे जावं लागतं.

ड्रम निघाला की तीन गोष्टी तपासा. पहिली स्पायडर. तो अ‍ॅल्युमिनियमचा, ड्रम स्टेनलेस स्टीलचा आणि भोवती वॉशिंग पावडरचं अल्कलीयुक्त पाणी. अशा संगतीत अ‍ॅल्युमिनियमच झिजतं. पायांवर करडा-पांढरा चिखल साचलेला असतो. तो तारेच्या ब्रशने खरवडा आणि पेचकसाच्या टोकाने टोचून बघा. टोक आत गेलं, पापुद्रे निघाले किंवा मुळाशी बारीक भेग दिसली तर स्पायडर बदला. वेल्डिंग करून देणारे भेटतील, पण मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या स्पिनला तडकलेला पाय टाकी फाडून बाहेर येतो, तेव्हा वेल्डिंगच्या भानगडीत पडू नका.

दुसरी गोष्ट शाफ्ट. सीलचा ओठ जिथे घासतो तिथे पितळी किंवा स्टीलची बाही असते. त्यावर नख फिरवा. नख अडकेल इतकी खाच असेल तर नवं सीलही महिन्या-दोन महिन्यांत गळेल. खरादवाल्याकडून बाही नव्याने करून घ्या किंवा सील एक-दोन मिलिमीटर मागेपुढे बसवता येत असेल तर ओठ कोऱ्या जागी आणा. सील दोनदा बदलूनही गळतंय अशी तक्रार असते तिथे कारण बहुधा हेच निघतं.

तिसरी गोष्ट बेअरिंग. दोन असतात: ड्रमकडचं मोठं, पुलीकडचं लहान. नंबर बाजूवर कोरलेला असतो. ६२०४ म्हणजे आतला व्यास २०, बाहेरचा ४७, जाडी १४ मिलिमीटर. ६२०५ म्हणजे २५, ५२, १५. ६२०६ म्हणजे ३०, ६२, १६. घरगुती मशीनमध्ये बहुधा यांच्यातली जोडी निघते. नंबर गंजून पुसला असेल तर व्हर्नियरने मोजा. दोन्ही बाजूंना रबर सील असलेलं, म्हणजे २आरएस लिहिलेलं घ्या. ऑईल सीलवरही तीन आकडे असतात: शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. जुनं सील फेकू नका, सोबत घेऊन जा. घाट रोडच्या ऑटो स्पेअरच्या दुकानांत आणि इतवारीच्या लोहा ओळीत असा माल मापावर मिळतो. "वॉशिंग मशीनचं सील द्या" म्हणण्यापेक्षा आकडे सांगा. नामवंत कंपनीच्या डब्यात नकली बेअरिंगही विकलं जातं. अर्ध्या भावात मिळत असेल, कोरलेला नंबर पुसट असेल, बिल द्यायला दुकानदार टाळाटाळ करत असेल, तर तिथून निघा.

जुनं बेअरिंग काढायला पंच आतल्या बाजूने समोरच्या बेअरिंगच्या कडेला टेकवा आणि घड्याळाच्या १२, ६, ३, ९ अशा जागा बदलत ठोका. एकाच बाजूला मारत राहिलात तर ते तिरकं होऊन घरात, म्हणजे ते बसतं त्या खोबणीत, अडकतं. हब अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर ते हीट गनने इतकं तापवा की त्यावर पडलेला पाण्याचा थेंब लगेच उडून जाईल. प्लास्टिकच्या टाकीत धातूचं घर असेल तर फक्त धातू कोमट करा आणि थांबा.

नवी बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत, नाहीतर बाहेर काढल्यावर त्यांच्यावर दव धरतं. तापलेल्या घरात थंड बेअरिंग निम्मं आपोआप उतरतं. उरलेलं बसवताना त्यावर जुन्या बेअरिंगचं बाहेरचं कडं ठेवून ठोका. मार नेहमी बाहेरच्या कड्यावर. आतल्या कड्यावर मारलं की गोळ्यांचे ठसे खाचेत उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणतं. तळाला बसलं की ठोक्याचा आवाज बदलतो, बद्दचा टणक होतो, तिथे थांबा.

मग सील. त्याच्या दोन ओठांमधली जागा वॉटरप्रूफ ग्रीसने भरा, पण सीलच्या बाहेरच्या कडेला ग्रीस लावू नका, ती कोरडीच घट्ट बसली पाहिजे. स्प्रिंगची बाजू पाण्याकडे. हे उलटं बसवलं तर पुन्हा पूर्ण टाकी उघडायची.

टाकी बंद करण्याआधी तिच्या गोल गॅस्केटची खाच दात घासायच्या ब्रशने साफ करा. ड्रम बसवून हाताने फिरवा. नव्या सीलमुळे किंचित जड वाटेल, पण आवाज शून्य हवा.

टॉप लोडरमध्ये याच कामाचं रूप वेगळं असतं. पल्सेटरच्या मधला स्क्रू काढा. पल्सेटर निघत नसेल तर कडेखालून दोन बाजूंनी सुतळीचे फास घाला, मध्ये गरम पाणी ओता आणि दोन्ही फास एकदम वर ओढा. पेचकसाने उचकटलं की कड तुटते. खाली मोठा नट असतो, त्याला बॉक्स पाना लागतो. काही मशीनमध्ये त्याचे आटे उलटे असतात, तेव्हा पाइप लावून लटकण्याआधी दोन्ही दिशांनी हलके ठोके देऊन पाहा. टब निघाला की खालचं क्लच-गिअरचं युनिट दिसतं. वॉशला नुसता पल्सेटर फिरतो. स्पिनला ड्रेनची मोटर किंवा सोलेनॉइड एक पट्टी ओढतो, त्या ओढीने ड्रेन वाल्व्ह उघडतो आणि ब्रेक सुटून पूर्ण टब फिरायला लागतो. म्हणून "पाणी जात नाही आणि स्पिनही होत नाही" ही तक्रार दोन नसून एकच असते: ती पट्टी ओढली जात नाही.

सस्पेन्शनच्या चार रॉडच्या तळाच्या वाट्यांत घट्ट डॅम्पिंग ग्रीस असतं. नागपूरच्या उन्हाळ्यांनी त्याचं डांबर झालेलं असतं. रॉकेलने धुऊन नवं, चिकट, जड ग्रीस भरा. सायकलचं पातळ ग्रीस घातलं तर टब स्पिन सुरू होतानाच बॉडीवर आपटतो. रॉड बदलायचे तर चारही एकदम.

पाण्याची वाट

नागपूर महापालिकेचं पाणी पेंच आणि कन्हानचं. ते मशीनला फारसं छळत नाही. छळतं ते बोअरचं. कूलरच्या टाकीला आणि जाळीला मे अखेरीस जो पांढरा थर चढतो, तोच थर हीटरवर, इनलेट वाल्व्हच्या जाळीत आणि ड्रमच्या पाठीमागे वर्षानुवर्षं चढत असतो.

तो काढायला किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व पुरतं. हीटर असलेल्या मशीनमध्ये रिकाम्या ड्रममध्ये १०० ते १५० ग्रॅम टाका, ६० अंशांचा प्रोग्रॅम लावा, पाणी तापल्यावर मशीन बंद करून तासभर तसंच ठेवा आणि मग पुढे चालवा. हीटर नसलेल्या टॉप लोडरमध्ये गिझरचं पाणी बादलीने भरा, पण ५० अंशांच्या वर नको. त्याच दिवशी ब्लीच वापरू नका; आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड मशीनमध्ये कधीही नाही. ते क्षारही काढतं आणि स्पायडरही खातं.

इनलेट वाल्व्हची कॉईल मल्टिमीटरवर साधारण ३ ते ५ किलो-ओहम दाखवते. कॉईल ठीक, "गुंग" असा आवाज येतो, तरी पाणी येत नाही, तर आधी जाळी आणि मग पाण्याचा दाब पाहा. दहा मीटर उंचीला एक बार दाब, हा हिशोब. एकमजली घराच्या गच्चीवरची टाकी वाल्व्हपासून अडीच मीटर वर असेल तर मिळाला पाव बार, आणि अनेक वाल्व्हना किमान ०.३ बार लागतो. अशा वेळी वाल्व्ह बदलून पैसे जातात, पाणी काही येत नाही. टाकी उंच स्टँडवर घ्या किंवा छोटा प्रेशर पंप लावा. जुन्या टायमरचं एक बरं असतं: बहुतेकांत पाणी ठरलेल्या पातळीला येईपर्यंत टायमरची मोटर थांबून राहते, त्यामुळे पाणी हळू आलं तरी मशीन रुसत नाही. नवी मशीन काही मिनिटांत एरर दाखवून मोकळी होतात.

पातळी ओळखतो तो प्रेशर स्विच. टाकीच्या तळाशी एक हवेची कुपी, तिथून बारीक नळी वर स्विचपर्यंत. पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते आणि स्विच "टिक" करतो. नळी काढून तोंडाने हलकेच फुंका. टिक आली पाहिजे, आणि फुंकलेली हवा जिभेने अडवून धरली तर ती टिकून राहिली पाहिजे. मशीन पाणी भरतच राहतं, दारापर्यंत येतं, तेव्हा बहुतेक वेळा ही नळी तडकलेली असते किंवा कुपीत पावडरचा लगदा बसलेला असतो. स्विचवरचे स्क्रू मात्र फिरवू नका. त्यांच्यावर कारखान्यात रंगाचा ठिपका देतात तो याचसाठी.

ड्रेन पंपाच्या पुढच्या गाळणीत नाणी, सेफ्टी पिना, ब्लाऊजचे हुक मिळतील. पंखा हाताने फिरवताना थोडा अडखळत फिरला तर तो बिघाड नाही, सिंक्रोनस पंपाच्या चुंबकाचा तो स्वभावच आहे. त्याची कॉईल दीड-दोनशे ओहमच्या आसपास असते. त्याआधीच्या, बाहेरून पत्र्याची चळत दिसणाऱ्या पंपाची त्याहून बरीच कमी.

दाराचं गॅस्केट हा खरा दुष्काळी भाग. काळे डाग असतील तर साबणाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं घडीत दोन तास ठेवा आणि पुसा. फाटलं असेल तर सायकलच्या ट्यूबचं पॅच आणि सोल्युशन गरम साबणपाण्यात टिकत नाही. त्याच कंपनीच्या नंतरच्या मॉडेलचं, दाराचा व्यास आणि टाकीच्या ओठाचा व्यास जुळणारं गॅस्केट शोधा. सीताबर्डीत मशीनच्या सुट्या भागांची दुकानं आहेत तिथे जुनं गॅस्केटच घेऊन जा, मॉडेल नंबरवर विसंबू नका. बसवताना त्याची पाणी निघायची छिद्रं अगदी खाली आली पाहिजेत.

वीज आणि टायमर

२००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर २६ ओहमच्या जवळ असतो. टोक आणि बॉडीच्या मध्ये ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) किमान एक मेगाओहम आलं पाहिजे. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या हीटरमधली मॅग्नेशियम ऑक्साईडची पूड ओल धरते आणि चालू केल्याबरोबर आरसीसीबी पाडते. काढून ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास सुकवा, पुन्हा मोजा. सुधारला तर ठेवा, नाहीतर बदला.

ब्रशच्या मोटरमध्ये कार्बन १० मिलिमीटरपेक्षा कमी उरला असेल तर जोडीने बदला, आणि नवे ब्रश बसेपर्यंत थोड्या ठिणग्या दिसतील हे धरून चाला. ड्रम सुरुवातीलाच पिसाटासारखा पूर्ण वेगात पळाला तर ताबडतोब बंद करा. मोटरच्या मागचं, वेग मोजणाऱ्या टॅकोचं चुंबक सैल झालंय किंवा त्याची वायर तुटलीय, त्यामुळे वेगाची खबर पोहोचत नाही. टॉप लोडरची मोटर नुसती गुणगुणते आणि हाताने ढकलली की फिरते, तेव्हा दोष कपॅसिटरचा. लेबलवरच्या मायक्रोफॅरडपेक्षा १० टक्क्यांहून कमी भरला तर तोच आकडा आणि ४४० व्होल्टचा नवा घाला.

आता टायमर. छोटी सिंक्रोनस मोटर, दातऱ्यांची उतरंड, आणि शेवटी उंचसखल कडांचा प्लास्टिकचा सिलिंडर. त्याच्या कडा पितळी पट्ट्या उचलतात आणि खाली सोडतात. पूर्ण प्रोग्रॅम त्या उंचवट्यांत कोरलेला असतो. नॉब फक्त घड्याळाच्या दिशेने फिरवा, आणि बंद असतानाच. उलटा फिरवला तर पट्ट्यांची टोकं कडांना अडकून वाकतात.

टायमर पुढे सरकत नसेल तर लगेच उघडू नका. पाणी भरलं नाही, तापलं नाही, तरी तो थांबतोच, आणि ते बरोबर आहे. गरम पाण्याच्या प्रोग्रॅमवर अडकणारं मशीन बहुतेक वेळा हीटर किंवा थर्मोस्टॅटमुळे अडकतं. ते दोन्ही ठीक असतील तरच टायमरच्या मोटरला वेगळी वीज देऊन कान लावा. टिकटिक नसेल तर मोटर. टिकटिक आहे पण सिलिंडर हलत नाही, तर दातरी. हे सगळं ठीक आहे आणि एखादं कामच होत नाही, तर त्या कामाची पट्टी काळी पडलीय. उघडताना टायमर पारदर्शक पिशवीत धरा, कारण आतल्या स्प्रिंगा उडतात. पट्ट्या कॉन्टॅक्ट क्लीनर आणि जाड कागदाच्या पट्टीने साफ करा. काचपेपर नको, चांदीचा मुलामा त्याने निघून जातो. गंज सैल करायचा तेलकट स्प्रेही नको, त्यावर धूळ आणि कार्बन जमून पुढे ठिणग्या उडतात.

दाराचं लॉक प्रोग्रॅम संपल्यावर मिनिट-दोन मिनिटं उघडत नाही. आतली पट्टी थंड व्हावी लागते. या दोन मिनिटांत हँडल ओढून तोडलेली मशीन भरपूर मिळतात.

पत्रा आणि पिवळं प्लास्टिक

गंज तळाशी आणि पावडरच्या कप्प्याखाली असतो. भोक पडलं नसेल तर तारेच्या ब्रशने मोकळा करा, फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं रस्ट रिमूव्हर लावा, धुऊन पूर्ण वाळवा, मग एपॉक्सी प्रायमर आणि पीयू (पॉलियुरेथेन) रंग. पावडर कोटिंगला १८०-२०० अंशांच्या भट्टीत जावं लागतं. रबर, प्लास्टिक, चिकटवलेलं साउंड पॅड सगळं काढलेलं हवं. पुढचा पत्रा बरा असेल तर त्याला हात न लावलेलाच चांगला. मूळ रंगावरच्या चार खुणा नव्या रंगापेक्षा शोभतात, आणि छापलेलं नाव एकदा गेलं की तसं परत येत नाही.

पिवळं पडलेलं पॅनेल १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साईडच्या क्रीमने उजळतं. केस रंगवायच्या सामानात ते ४० व्हॉल्यूम म्हणून मिळतं. हातमोजे, चष्मा, छापील अक्षरांवर मास्किंग टेप. सारखा थर द्या, वरून क्लिंग फिल्म आणि उन्हात ठेवा. पण हे ऊन मे महिन्यातलं नको. पारा ४५ च्या पुढे असताना क्रीम तासाभरात सुकतं, प्लास्टिकवर ढगांसारखे चट्टे पडतात आणि पातळ पॅनेल वाकतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहा ते दुपारी तीन, दर तासाला क्रीम हलवत राहायचं.

पहिली धुलाई, आणि ऐकायचं काय

लेव्हल ट्यूबने चारही पाय समतल करा आणि लॉक नट आवळा. पहिली फेरी रिकामी, थंड पाणी, स्पिनशिवाय. खाली वर्तमानपत्र पसरा. थेंब कुठून आला ते कागद सांगतो. दुसरी फेरी स्पिनसह, रिकामीच. तिसरीला दोन टॉवेल. पूर्ण वजन चौथ्या फेरीला, आणि लेबलवर ५ किलो लिहिलं असेल तर जुन्या मशीनला साडेतीनवर ठेवलेलं बरं.

पावडर ऑटोमॅटिकचीच. हाताने धुवायच्या पावडरचा फेस ड्रम आणि टाकीच्या मध्ये अडकतो, मोटरवर ओढ येते, पंप फेस ओढत राहतो आणि फेस प्रेशर स्विचच्या नळीत चढतो. बोअरच्या पाण्यात पाव भाग पावडर जास्त लागते आणि एक जादा रिन्स द्यावा लागतो. काम झाल्यावर दार उघडं ठेवा. घरात लहान मूल असेल तर किलकिलं ठेवून पाण्याचा नळ आणि प्लग दोन्ही बंद. आठवड्यातून एकदा तरी चालवा. नुसतं जपून ठेवलेल्या मशीनचं सील पुन्हा वाळतं आणि केलेलं काम वाया जातं.

चालू मशीनजवळ एकदा पूर्ण प्रोग्रॅमभर स्टूल टाकून बसा. पाणी थांबताना प्रेशर स्विचची टिक, लगेच ड्रमची पहिली फेरी, मध्ये थांबा, मग उलटी फेरी. गरम पाण्याच्या टप्प्यात टायमरची टिकटिक बंद होते आणि पाणी हव्या तापमानाला आलं की पुन्हा सुरू होते. जुनी मशीन पाणी भरपूर घेतात आणि तीन-चार रिन्स करतात, काचेतून पाणी दर रिन्सला निवळत गेलेलं दिसतं. स्पिनच्या आधी ड्रम काही सेकंद सावकाश एकाच दिशेने फिरतो, कपडे कडेला पसरतात, आणि मग आवाज एका दमात चढत जातो. हा क्रम कानाला पाठ झाला की पुढच्या वेळी बिघाड कुठे आहे ते पत्रा उघडण्याआधीच कळतं: कुठली टिक आली नाही, कुठला आवाज एक टप्पा आधी थांबला.